उसतोडीची फौज

पाटोद्यात मला कुणी विचारलं, की रविवारी दुपारी दुकानाच्या माडीवर काय करतोस, तर मी "झोपतो" असं सांगायचो. चाळिशीला टेकलेला, हार्डवेअरच्या गल्ल्यावर बसणारा माणूस अंगठ्याएवढ्या सैनिकांची लढाई खेळतो, हे सांगायची मला लाज वाटायची. त्रिंबकला वाटत नसे. तो खुशाल सांगायचा, "वीरेशच्या माडीवर लढाईला चाललोय." लोक हसायचे. तोही हसायचा.

हा खेळ मी पुण्यात शिकलो. तिथं नोकरीत असताना आमचा एक गट होता, दर शनिवारी जमायचा. सहा फूट बाय चार फुटांचं टेबल, त्यावर थर्माकोलचे डोंगर, पडके बुरूज, निळ्या रंगाची नदी. दोन बाजूंना दोन फौजा: सरदार, घोडेस्वार, भालेकरी, एखादा राक्षस. पट्टीनं इंच मोजून पथकं पुढं सरकवायची आणि फासे टाकून कोण मेलं, कोण वाचलं ते ठरवायचं. टेबलावर तीन झेंडे रोवलेले असतात. सहाव्या फेरीअखेर ज्याच्या ताब्यात जास्त झेंडे, तो जिंकला. पुतळे करड्या प्लास्टिकचे, सुटे भाग करून येतात. ते जोडायचे आणि रंगवायचे ज्याचे त्यानं.

पुण्यात मी बहुतेक वेळा हरायचो. राजेश्वर नावाचा आमच्या गटाचा म्होरक्या होता, तो मला हरवताना घड्याळाकडं बघायचा. ते मी विसरलो नव्हतो.

लॉकडाऊनमध्ये नोकरी गेली आणि मी बायकोला, रुद्राणीला घेऊन गावी आलो. वडिलांचं दुकान होतंच. सामानात या पुतळ्यांचे तीन खोके होते, बहुतेक न रंगवलेले. खेळायला कुणीच नव्हतं. निदान रंगवून तरी घ्यावेत म्हणून मी एके दिवशी बसस्टँडमागच्या त्रिंबक सानपच्या दुकानात गेलो.

त्रिंबक आणि मी आठवी ते दहावी एका बाकावर बसलेलो. त्याचं मूळ गाव शिरूर कासारकडची एक वाडी. आईबाप उसतोडीला जायचे. सातवीपर्यंत त्याचे सहा महिने शाळेत आणि सहा महिने कारखान्याच्या कोप्यांवर, पाचटाच्या झोपड्यांत गेले. तिथं तो बैलांची शिंगं रंगवायचा, मग गाड्यांच्या फळ्या रंगवायला लागला आणि तसाच पेंटर झाला. दुकानाच्या पाट्या, ट्रॉलीवरची नावं, देवळातली चित्रं. फ्लेक्स आल्यापासून पाट्या बंद झाल्या होत्या. नंबरप्लेटा तेवढ्या उरल्या होत्या.

मी त्याच्यासमोर एक घोडेस्वार ठेवला. त्यानं तो उचलून उजेडात धरला.

"हे काय बे? गणपतीपुढचा उंदीर का?"

"सैनिक हाय. रंगवायचाय."

"डोळेसुद्धा काढायचे?"

"जमलं तर."

"जमलं तर म्हणतो," तो पुटपुटला आणि तिथल्या तिथं बारीक ब्रशाचे केस ब्लेडनं छाटून दोनच ठेवले.

चार दिवसांनी तो घोडेस्वार परत मिळाला तेव्हा मी तो दाराशी उजेडात नेला. चिलखतावर ढगांची सावली होती. खरंच होती. घोड्याच्या नाकपुडीत ओलसर गुलाबी रंग होता. पुण्यात मी भलेभले रंगवणारे पाहिले होते, पण असलं काम मी पाहिलं नव्हतं.

माझी सगळी निळी-रुपेरी फौज त्रिंबकनं रंगवली. दोन वर्षं लागली. रंगवता रंगवता तो विचारायचा, हा कोण, ह्याचं काम काय, हा ह्याला मारतो का. मी सांगायचो. एका रविवारी म्हणाला, "नुसतं सांगतो काय, दाव की खेळून." आणि असा मला जोडीदार मिळाला.

नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं. मी वाचून मराठीत सांगायचो आणि तो ऐकून लक्षात ठेवायचा. एकदा ऐकलेलं तो विसरत नसे, उलट मीच चुकलो तर अडवायचा. पहिले सहा महिने मी जिंकलो. पुढं बरोबरी व्हायला लागली. त्यानंतर मी क्वचितच जिंकलो. पण त्याच्याकडून हरताना मला कधी वाईट वाटलं नाही, कारण तो माडीवर हरवायचा आणि तिथं आमच्या दोघांशिवाय कुणी नसायचं.

"तुला दम निघत न्हाई," तो म्हणायचा. "घोडे दिसले की सोडतोस. आधी जमिनीकडं बघावं. चढ कुठं, ओघळ कुठं. मग माणसाकडं."

स्वतःची फौज त्यानं स्वतः घडवली. आधी मला वाटलं, तो माझ्यासारखेच सरदार-राक्षस करील. त्यानं तार, बांबूच्या काड्या आणि एम-सील घेऊन उसतोड मजूर केले. कोयता उगारलेले गडी. पदर खोचलेल्या, डोक्याला फडकं बांधलेल्या बाया. औषधाच्या बाटलीच्या झाकणांची चाकं लावलेल्या बैलगाड्या, आणि बैलांच्या शिंगांना खरोखरचा हिंगूळ रंग. सरदाराच्या जागी शिट्टी तोंडात धरलेला मुकादम. पुस्तकात 'डोंगरी टोळ्या' नावाची फौज होती. तिचे नियम आम्ही ह्या फौजेला लावले. पुतळ्यांचं माप, पायाखालच्या बैठका, सगळं त्यानं काटेकोर पुस्तकाप्रमाणं केलं होतं.

निशाण धरणारी एक बाई होती. डोक्यावर मोळी, आणि मोळीत खोचलेल्या उसाला बांधलेला लुगड्याचा तुकडा.

"ही कोण रे?" मी विचारलं.

"आई हाय," तो म्हणाला. चंद्रभागाबाईंना मी लहानपणी दोन-तीनदा पाहिलं होतं. पुतळ्याचा चेहरा मिरीएवढा होता, तरी मी ओळखलं.

गेल्या वर्षी मी बीडला स्पर्धा घ्यायचं ठरवलं. खरं कारण असं, की पुण्याच्या गटानं मोठी स्पर्धा जाहीर केली होती आणि गावोगावच्या छोट्या स्पर्धांतल्या विजेत्यांना तिथं थेट प्रवेश होता. मी राजेश्वरला फोन केला. तो हसला. "बीडला? खेळणारं आहे का कुणी?" मी म्हणालो, "बारा जण जमवतो." लातूर, नगर, संभाजीनगर आणि आम्ही दोघं धरून मी चौदा जमवले. राजेश्वर परीक्षक म्हणून यायला तयार झाला. त्यानं नियमांचा कागद पाठवला. त्यात एक कलम होतं: पुतळे मूळ कंपनीचे असावेत, घरी घडवलेले असतील तर त्यांचे फोटो परीक्षकाकडून आधी मंजूर करून घ्यावेत.

मी ते त्रिंबकला सांगितलं.

"मग माझं कसं?"

"फोटो पाठवतो राजेश्वरला. काळजी करू नको."

फोटो मी काढले. चांगले आले होते. पाठवायला फोन हातात घेतला आणि राजेश्वरचं ते हसू आठवलं. बीडला खेळणारं आहे का कुणी. आता त्याला बैलगाड्या आणि मुकादम पाठवायचे? मी म्हटलं, उद्या पाठवू. उद्याचा परवा झाला. त्रिंबकनं एकदा विचारलं, "कळवलंस ना बे?" मी "हो" म्हणालो. त्या वेळी मनात होतं, की रात्री पाठवतोच.

जानेवारीतला रविवार होता. बीडला एका मंगल कार्यालयाचा हॉल मिळाला. आदल्या दिवशी तिथं लग्न झालेलं, नवरा-नवरीच्या नावाची थर्माकोलची अक्षरं स्टेजवर तशीच होती. सात टेबलं मांडली. नावं लिहून घ्यायला रुद्राणी दाराशी बसली. राजेश्वर सकाळी पुण्याहून गाडीनं आला, मला मिठी मारली आणि म्हणाला, "अरे, झकास केलंयस की."

पहिल्या डावात त्रिंबकनं लातूरच्या एका डॉक्टरला हरवलं. डॉक्टर हरल्यावर खाली वाकून पुतळ्यांचे फोटो काढत बसले. दुसऱ्या डावात संभाजीनगरच्या पोराला चौथ्या फेरीतच संपवलं. हॉलभर बोलणं सुरू झालं, की कोयतेवाला बघितला का. लोक आपापलं टेबल सोडून यायचे. त्रिंबक प्रत्येकाला हातात पुतळा द्यायचा आणि सांगायचा, "ही सुग्रीव मामाची गाडी. हा उजवा बैल मारका होता." मीही दोन्ही डाव जिंकलो होतो, आणि गुणांत आम्ही दोघं सगळ्यांत वर होतो. तिसऱ्या डावाला तो आणि मी समोरासमोर आलो. जिंकेल तो पुण्याला जाणार.

"माडीवर खेळल्यावानी खेळू," तो म्हणाला.

"हो," मी म्हणालो. पण सभोवती पंधरा-वीस माणसं होती.

मधोमध टेकडी, डावीकडं पडका बुरूज, उजवीकडं ओढा. माझे घोडेस्वार मी उजवीकडं लावले, कारण ओढ्यापलीकडं त्यानं फक्त बायांचं एक पथक ठेवलं होतं. दुसऱ्या फेरीत ते पथक मागं सरकलं. मी घोडे सोडले. ओढा ओलांडताना निम्मी चाल खर्ची पडते हे मला माहीत होतं, पण समोर रिकामं दिसत होतं. तिसऱ्या फेरीत टेकडीमागून तीन बैलगाड्या निघाल्या आणि ओढ्याच्या काठावर आडव्या उभ्या राहिल्या. माझे घोडे पाण्यात. पुढं गाड्या, मागं कोयते. फासे मला वाईट पडले नाहीत. चांगले पडूनही उपयोग नव्हता, इतकं त्यानं मला जागेवर धरलं होतं.

"दम न्हाई निघाला," तो हळूच म्हणाला. ते माझ्यापुरतंच होतं, पण बाजूचा एक जण हसला.

चौथ्या फेरीअखेर तीनपैकी दोन झेंडे त्याच्याकडं होते. माझा सरदार बुरुजात अडकला होता. राजेश्वर आला, हाताची घडी घालून टेबलाकडं बघत उभा राहिला, आणि त्यानं घड्याळाकडं बघितलं.

कदाचित त्याला जेवणाची वेळ बघायची असेल. मला ते तसं दिसलं नाही.

पाचवी फेरी सुरू होणार तेवढ्यात राजेश्वरनं निशाणवाली बाई उचलली आणि उलटीपालटी करून पाहिली.

"हे हातानं केलंय?" त्यानं त्रिंबकला विचारलं.

"हो सर. समदं हातचंच हाय."

"सुंदर आहे. फारच सुंदर." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "वीरेश, ही फौज मंजूर झाली होती का? मला फोटो आल्याचं आठवत नाही."

त्रिंबक माझ्याकडं बघून हसला. त्याला खात्री होती.

मी म्हणालो, "पाठवायचे होते. राहिले."

त्रिंबकचं हसू लगेच गेलं नाही. ते तोंडावर थोडा वेळ तसंच राहिलं, जसं काही त्याला ऐकूच आलं नव्हतं.

राजेश्वरनं ओठ चावला. "अवघड झालं. कलम आहे ते." मग त्यानं आवाज खाली केला. "बघ, समोरच्या खेळाडूची हरकत नसेल तर मी हे सोडून देऊ शकतो. दोन डाव झालेत, कुणी तक्रार केलेली नाही. आता समोरचा खेळाडू तू आहेस. तुझी हरकत आहे का?"

एवढंच विचारलं होतं. न्हाई, हरकत न्हाई, असं म्हणायचं होतं. मला ते शब्द आजही तोंडात तयार जाणवतात. मी टेबलाकडं पाहिलं. ओढ्यात अडकलेले माझे घोडे, ज्यांच्या चिलखतावर ढगांच्या सावल्या होत्या. बाजूला उभी असलेली माणसं, खुर्चीवरून मान उंच करून बघणारी रुद्राणी. मी म्हणालो:

"आपणच नियम मोडले तर बीडच्या स्पर्धेला पुढच्या वर्षी कोण विचारणार? नियम म्हणजे नियम."

कुणीतरी मागून "बरोबर आहे" म्हणालं. लातूरचे डॉक्टर मात्र म्हणाले, "अहो, चाललं असतं की," आणि दुसरीकडं निघून गेले.

राजेश्वरनं माझ्याकडं क्षणभर पाहिलं. मग कागदावर लिहिलं. त्रिंबक बाद. डाव माझा. स्पर्धाही माझीच.

"वीरेश," त्रिंबक म्हणाला. "तू कळवलं म्हणलतास."

"विसरलो रे. लई कामं होती."

"आन् हरकत?"

मी माझे फासे गोळा करायला लागलो. त्यानं पुन्हा विचारलं नाही. तो खाली बसला आणि एकेक पुतळा कापसात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवायला लागला. घाई नाही, आदळआपट नाही. बैलगाड्यांना वेळ लागतो, जू मोडायची भीती असते.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी कदाचित स्वतःला समजावलं असतं. नियम होता, मी विसरलो, होतं असं. पण बक्षिसांमध्ये एक बक्षीस उत्तम रंगकामाचं होतं. खेळाडूंनी चिठ्ठ्या टाकायच्या. बाद झालेली फौज त्यात धरता येत नव्हती. चिठ्ठ्या उघडल्या तर चौदापैकी अकरांवर माझं नाव होतं. निळ्या-रुपेरी फौजेचं.

राजेश्वरनं मला स्टेजवर बोलावलं. नवरा-नवरीच्या नावांखाली उभं करून हातात काचेची ढाल दिली आणि माइक तोंडापुढं धरला.

"काय काम आहे! किती वेळ लागला रे रंगवायला?"

त्रिंबक भिंतीजवळ डबा मांडीवर घेऊन बसला होता. आम्ही एकाच गाडीतून आलो होतो, त्यामुळं त्याला जाताही येत नव्हतं.

"दोन वर्षं," मी म्हणालो.

टाळ्या पडल्या. मी खोटं बोललो नव्हतो. दोन वर्षंच लागली होती.

परतीला संध्याकाळ होत आली होती. रुद्राणी माझ्या शेजारी, त्रिंबक मागं. ढाल आणि विजेत्याचा करंडक त्याच्याच बाजूला सीटवर ठेवले होते, कारण डिकीत टेबलाच्या फळ्या होत्या. मांजरसुंब्याला मी चहाला थांबू का विचारलं. तो "नको" म्हणाला. मी हवामानाचं काहीतरी बोललो, थंडी कमी झाली असं. वळणावर करंडक घरंगळायला लागला तर त्यानं हातानं धरून ठेवला. आरशात मला ते दिसलं.

लिंबागणेश आलं तसा तो म्हणाला, "हितं थांबवा गाडी."

थांबवा. आधी मला वाटलं, रुद्राणी आहे म्हणून म्हणाला.

"कावून रे?"

"दर्शनाला जातो. मग यीन यष्टीनं. तुमी व्हा पुढं."

"आम्ही थांबतो की."

"नका थांबू, शेट."

तो डबा छातीशी धरून उतरला आणि कोपरानं दार लोटलं. देवळाचा रस्ता उजवीकडं होता. तो डावीकडं, बस थांबतात तिकडं गेला.

मी गाडी तशीच उभी ठेवली होती. रुद्राणी समोर बघत म्हणाली, "दार उघडायला तरी उतरायचं होतं त्यांच्यासाठी. दोन्ही हात अडकले होते." पाटोद्यापर्यंत ती एवढंच बोलली.

पुढच्या रविवारी मी माडीवर टेबल लावून बसलो. चार वाजेपर्यंत वाट पाहिली. त्याच्या पुढच्या रविवारीही पाहिली. मग त्याच्या दुकानात गेलो.

"या शेट," तो म्हणाला. स्टूल पुसून दिलं. चहा सांगितला. इतक्या वर्षांत त्यानं मला कधी स्टूल पुसून दिलं नव्हतं. रंगाच्या डब्यावर बूड टेकवायचं, ही पद्धत.

"चिडलास का बे?" मी म्हणालो.

"न्हाई. कावून चिडू? नियमच होता."

"त्रिंबक, माझं चुकलं. तिथं माणसं होती, राजेश्वर होता... मला सुचलं न्हाई."

"तुमाला सुचलं की," तो शांतपणे म्हणाला. "सुचल्याशिवाय एवढं चांगलं वाक्य येतंय का तोंडात. मला तर आलं नसतं."

"शिवी दे. पण हे तुमी-आमी नको करू."

त्यानं नंबरप्लेट उचलली आणि त्यावर पट्टी ठेवून रेघ मारली. "चहा घ्या, गार हुईल," म्हणाला.

मार्चमध्ये मी पुण्याला मोठ्या स्पर्धेला गेलो. पहिल्याच डावात हरलो. खेळताना मला सारखं वाटत होतं, की समोरच्यानं टेकडीमागं काही ठेवलं असेल. त्यानं काही ठेवलं नव्हतं. तरी हरलो.

संध्याकाळी रंगकामाचं बक्षीस राजेश्वरच्या फौजेला मिळालं. लाल-काळी फौज, माझ्या फौजेच्या निम्म्याहून लहान, प्रत्येक चिलखतावर मावळतीचा उजेड. मी जवळ जायच्या आधीच ओळखलं. राजेश्वरनं माइक घेतला आणि पहिलंच वाक्य म्हणाला, "हे काम माझं नाही. पाटोद्याच्या त्रिंबक सानप यांचं आहे. बीड जिल्हा." लोकांनी नंबर मागितला. त्यानं माइकवरून सांगितला.

नंतर तो माझ्याजवळ आला. हातात कॉफीचा कागदी कप होता.

"त्या दिवशी बीडला त्यांचा नंबर घेतला होता मी," तो म्हणाला. "तुझी फौज आणि त्यांची, एकाच हाताची आहे हे तेव्हाच दिसलं होतं. डोळ्यांवरून कळतं."

"मग तिथं बोलला का नाहीस?"

"मी विचारलं होतं की तुला. माइकवर. वाटलं, तू सांगशील."

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यानं खांद्यावर हात ठेवला, पुढच्या वर्षी परीक्षक म्हणून जमणार नाही म्हणाला, आणि कुणीतरी हाक मारली म्हणून गेला.

आता त्रिंबकच्या दुकानात कुरिअरवाला आठवड्यातून दोनदा येतो. पुणे, मुंबई, एकदा बंगळूरहूनही खोका आला. नंबरप्लेटा त्यानं सोडल्या. भिंतीला काचेचं कपाट केलंय, त्यात लोकांच्या फौजा वाळत असतात. त्याची स्वतःची त्यात नाही. ती घरी असेल किंवा नसेल. मी विचारलं नाही. तो आता खेळत नाही, हे मला लातूरच्या डॉक्टरांकडून कळलं. त्यांनी त्याला घरी खेळायला बोलावलं होतं. म्हणे, "रंगवून देतो डॉक्टर, पण ते खेळणं आपलं न्हाई."

तसं तो कधीच म्हणाला नव्हता. चार वर्षं दर रविवारी ते त्याचं होतं. ते त्याच्याकडून मीच काढून घेतलं, आणि माझ्याही हाताला लागलं नाही. पाटोद्यात, शिरूरला, सगळ्या जिल्ह्यात माझ्यासमोर बसून खेळणारा दुसरा माणूस नाही. बीडच्या स्पर्धेसाठी या वर्षी मी सगळ्यांना फोन केले. कुणी नाही म्हणालं नाही, कुणी हो म्हणालं नाही.

गेल्या महिन्यात माडी झाडताना माझा सरदार खाली पडला आणि त्याचा तलवारीचा हात तुटला. तो मला स्वतःला चिकटवता आला असता. मी तो घेऊन त्रिंबककडं गेलो. का गेलो, हे रुद्राणीनं विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

त्यानं भिंग लावून बघितलं. दोन वर्षं त्याच्या हातात खेळलेला पुतळा. त्याला तो ओळखू आला नसेल, असं होणार नाही.

"तार घालावी लागंल आतून," तो म्हणाला. "बुधवारी न्या."

"थांबतो की. किती वेळाचं काम हाय?"

"आधीची कामं हायती, शेट."

त्यानं वहीतून पावती फाडली. सगळ्या गिऱ्हाइकांना देतो तशीच. नाव: वीरेश मिटकरी. गाव: पाटोदा. वस्तू: एक नग. खाली स्वतःची सही केली, ती जुनी, पाट्यांवर करायचा ती वळणदार सही.

बुधवारी गेलो तेव्हा तो दुकानात नव्हता. त्याची बायको सत्यभामा होती. तिनं पावती बघून कपाटातून पुडी काढून दिली. मी बाहेर येऊन उघडली. हात कुठं तुटला होता ते शोधूनही सापडलं नाही. सांध्यावर त्यानं चिलखताचा रंग पुन्हा मिळवला होता, आणि ढगाची सावली जिथं होती तिथंच, तेवढीच ठेवली होती.